पैसा वॉशिंग्टनचा, निवड शहराची : सॅन अँटोनियोतील घरे, पावसाळी गटारे आणि संघीय अनुदान

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहराच्या पश्चिम भागातून अलाझान, अपाचे आणि सॅन पेड्रो हे ओढे वाहतात. सप्टेंबर १९२१ मध्ये एका रात्रीच्या पुराने शहरात पन्नासहून अधिक बळी घेतले. त्यांतील बहुतेक जण अलाझानच्या काठी राहणारी, मेक्सिकन वंशाची गरीब माणसे होती. त्यानंतर शहराने ओल्मोस धरण बांधले आणि नदीचे पात्र वळवले. त्यामुळे मध्यवर्ती व्यापारी भाग पुरापासून बऱ्याच अंशी सुरक्षित झाला. पश्चिमेकडील ओढे मात्र होते तसेच राहिले. पुढची पन्नास वर्षे मोठा पाऊस झाला की या वस्तीतील रस्त्यांचे नाले होत आणि पाणी घरांत शिरे.

ऑगस्ट १९७४ मध्येही तेच झाले. मात्र त्याच महिन्याच्या २२ तारखेला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ‘गृहनिर्माण व समुदाय विकास कायद्या’वर स्वाक्षरी केली. संघीय सरकारचा पैसा थेट शहरांच्या हाती देणारे ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट’, म्हणजेच ‘सीडीबीजी’, हे अनुदान या कायद्याने अस्तित्वात आले. या दोन घटनांचा परस्परांशी तेव्हा काहीही संबंध नव्हता. पुढील काही वर्षांत तो जोडला गेला, आणि अमेरिकी शहरे संघीय अनुदान कसे वापरतात हे समजून घेण्यासाठी सॅन अँटोनियोचे उदाहरण त्यामुळेच उपयोगी ठरते.

पन्नास वर्षांनंतरही हे अनुदान सुरू आहे. संपूर्ण देशासाठी अलीकडच्या वर्षांत त्याची तरतूद सुमारे ३३० कोटी डॉलर राहिली आहे. मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनाने हे अनुदान पूर्णपणे बंद करण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्याच्या उपयुक्ततेचा वाद पुन्हा ऐरणीवर आला.

आठ वाटांची एक वाट

१९७४ पूर्वी अमेरिकी शहरांना संघीय पैसा मिळत नव्हता असे नाही. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने ‘अर्बन रिन्यूअल’, म्हणजे जुन्या वस्त्या पाडून तेथे पुनर्विकास करण्याचा कार्यक्रम, आणला होता. १९६६ मध्ये ‘मॉडेल सिटीज’ हा गरीब वस्त्यांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. पाणी, मलनिस्सारण, मोकळ्या जागा, वस्ती केंद्रे यांसाठीही निरनिराळ्या योजना होत्या. प्रत्येक योजनेचा अर्ज वेगळा, अटी वेगळ्या आणि मंजुरी वॉशिंग्टनची. ज्या शहराकडे अर्ज लिहिण्याचे कौशल्य होते, त्याला पैसा मिळत असे. गरज किती आहे, हा प्रश्न अनेकदा मागे पडे.

या पद्धतीत दुसराही दोष होता. ज्या कामासाठी पैसा उपलब्ध असेल, ते काम शहरे हाती घेत. सॅन अँटोनियोत १९६८ च्या ‘हेमिसफेअर’ या जागतिक प्रदर्शनासाठी मध्यवर्ती भागालगतची एक जुनी वस्ती अर्बन रिन्यूअलच्या अधिकारांखाली रिकामी करण्यात आली. प्रदर्शनाने शहराचे नाव झाले. पश्चिमेकडील निचऱ्याचा प्रश्न जागच्या जागीच राहिला.

राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या काळात या सुट्या योजना एकत्र करून शहरांना एकच ठोक रक्कम देण्याचा विचार पुढे आला. निक्सन यांनी राजीनामा दिल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, फोर्ड यांच्या स्वाक्षरीने, त्याचा कायदा झाला. ‘ब्लॉक ग्रँट’ या शब्दप्रयोगातच त्याचा आशय आहे. रकमेच्या वापराची चौकट संघीय सरकार ठरवते. त्या चौकटीत रस्ता करायचा, घरांची दुरुस्ती करायची की पाळणाघर चालवायचे, हे शहर ठरवते.

रक्कम कशी ठरते

सीडीबीजीसाठी मोठ्या शहरांना स्पर्धेत उतरावे लागत नाही. महानगर क्षेत्रांतील प्रमुख शहरे, ५० हजार किंवा त्याहून अधिक लोकसंख्येची इतर शहरे आणि किमान दोन लाख लोकसंख्येच्या नागरी काउंटी यांना दरवर्षी सूत्रानुसार वाटा मिळतो. एकूण रकमेपैकी साधारण ७० टक्के या गटाकडे जाते. उरलेले ३० टक्के राज्यांमार्फत लहान गावांना आणि ग्रामीण भागाला दिले जातात.

सूत्रे दोन आहेत. पहिल्यात दारिद्र्याला निम्मे वजन असून लोकसंख्या आणि घरांतील दाटी यांना प्रत्येकी चतुर्थांश वजन आहे. १९७७ मध्ये स्वीकारलेल्या दुसऱ्या सूत्रात १९४० पूर्वी बांधलेल्या घरांना निम्मे वजन असून दारिद्र्याला ३० टक्के आणि लोकसंख्यावाढीतील पिछाडीला २० टक्के वजन दिले जाते. शहराला या दोहोंपैकी अधिक लाभदायक सूत्र लागू होते. झपाट्याने वाढणाऱ्या दक्षिणेकडील शहरांना साधारणपणे पहिले सूत्र सोयीचे ठरते, तर लोकसंख्या घटलेल्या ईशान्येकडील जुन्या औद्योगिक शहरांना दुसरे. या दुसऱ्या शहरांचे म्हणणे ऐकूनच दुसरे सूत्र तयार झाले.

सॅन अँटोनियोची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार १४ लाख ३४ हजारांहून अधिक आहे. अलीकडच्या वर्षांत या शहराला सीडीबीजीतून दरसाल साधारण सव्वा कोटी डॉलर मिळत आले आहेत. गृहनिर्माण व सेवांची इतर तीन संघीय अनुदाने मिळवली की हा आकडा दोन कोटी डॉलरच्या आसपास जातो. शहराचा २०२५ या आर्थिक वर्षाचा एकूण अर्थसंकल्प सुमारे ३९६ कोटी डॉलरचा होता. म्हणजे ही रक्कम शहराच्या खर्चाच्या तुलनेत अर्ध्या टक्क्याच्या घरात आहे. तरीही तिच्यावरून होणारी चर्चा तिच्या आकाराच्या मानाने खूप मोठी असते. शहराच्या उर्वरित पैशापैकी बराचसा वेतन, पोलीस, अग्निशमन आणि नित्याच्या देखभालीत आधीच बांधलेला असतो. ही रक्कम मात्र कायद्यानेच मुख्यतः अल्प उत्पन्न गटासाठी राखलेली आहे.

चौकट : काय करता येते, काय नाही

सीडीबीजीतून होणारे प्रत्येक काम तीनपैकी एका राष्ट्रीय उद्दिष्टात बसावे लागते : अल्प व मध्यम उत्पन्न गटाला लाभ, वस्तीच्या ऱ्हासाला आळा, किंवा आपत्तीसारखी तातडीची गरज. एकूण खर्चापैकी किमान ७० टक्के खर्च पहिल्या उद्दिष्टावर होणे बंधनकारक आहे. परिसरातील निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली कमावतात, तो आकडा म्हणजे मध्यक उत्पन्न. कुटुंबाचा आकार लक्षात घेऊन, या मध्यकाच्या ८० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांचा या गटात समावेश होतो.

रस्ता किंवा पावसाळी गटार यांसारख्या कामाचा लाभ एकेका कुटुंबाला मोजता येत नाही. अशा वेळी त्या परिसरातील किमान ५१ टक्के रहिवासी या उत्पन्न मर्यादेत असावेत, असा सर्वसाधारण निकष आहे. त्यामुळे शहराच्या नकाशावर कोणते मोहल्ले ‘पात्र’ आणि कोणते ‘अपात्र’ याची एक रेषाच आखली जाते.

दोन मर्यादा शहरांना सर्वाधिक जाणवतात. सामाजिक सेवांवर, म्हणजे पाळणाघरे, वृद्धांसाठी भोजन, युवक केंद्रे, समुपदेशन यांवर, ढोबळमानाने १५ टक्क्यांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही. नियोजन आणि प्रशासनासाठी २० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. उर्वरित पैसा मुख्यतः टिकाऊ कामांकडे जावा, हा त्यामागील हेतू. शासकीय कचेऱ्यांच्या इमारती, राजकीय कामे आणि नागरिकांना थेट रोख उत्पन्न यांसाठी हा पैसा सर्वसाधारणपणे वापरता येत नाही. घरांची दुरुस्ती, जमीन खरेदी, नव्या वसाहतीसाठी पाणी व रस्ते यांना परवानगी आहे. नवे घर बांधणे मात्र काही अपवाद वगळता चालत नाही.

ती उणीव ‘होम’ हे दुसरे अनुदान भरून काढते. १९९० च्या कायद्याने सुरू झालेले हे अनुदान केवळ परवडणाऱ्या घरांसाठी आहे. त्यातून भाड्याच्या इमारती बांधता येतात, जुनी घरे सुधारता येतात आणि पहिले घर घेणाऱ्यांना आगाऊ रकमेसाठी साह्य करता येते. शहराने सामान्यतः २५ टक्के वाटा उचलायचा असतो आणि किमान १५ टक्के रक्कम स्थानिक ना-नफा गृहनिर्माण संस्थांसाठी राखून ठेवायची असते. या पैशातून नवी भाड्याची इमारत उभी राहिली, तर तिची भाडी वीस वर्षे ठरावीक मर्यादेतच ठेवावी लागतात. तिसरे अनुदान बेघरांच्या आसऱ्यासाठी व त्यांना पुन्हा घरात स्थिर करण्यासाठी, तर चौथे एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या निवासासाठी आहे.

ही चारही अनुदाने संघीय गृहनिर्माण व नगरविकास विभागाकडून येतात. शहराने त्यासाठी तीन ते पाच वर्षांचा एकत्रित आराखडा आणि त्याखाली दरवर्षीचा कृती आराखडा सादर करायचा असतो. एकत्रित आराखड्याची ही पद्धत १९९५ मध्ये सुरू झाली. तेव्हा या विभागाचे मंत्री होते हेन्री सिस्नेरोस, म्हणजे सॅन अँटोनियोचेच माजी महापौर. त्यांच्या या प्रवासाचा संबंध त्या शहराच्या पश्चिम भागातील घडामोडींशी आहे.

सुनावणीच्या सभागृहात

कायद्यात एक अट अशी होती, की पैसा कसा खर्च करायचा हे ठरवण्यापूर्वी शहराने जाहीर सुनावणी घ्यावी आणि नागरिकांचे म्हणणे ऐकून घ्यावे. आजही वर्षातून किमान दोन सुनावण्या आणि आराखड्याच्या मसुद्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवसांची मुदत बंधनकारक आहे. कागदावर ही अट साधी दिसते. अनेक शहरांत सुनावणीला मोजकेच लोक येतात, इतिवृत्त लिहिले जाते आणि मूळ मसुदा फारसा न बदलता मंजूर होतो.

सॅन अँटोनियोत तसे झाले नाही. १९७४ मध्येच तेथे ‘कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस’, संक्षेपाने ‘कॉप्स’, ही संघटना स्थापन झाली होती. एर्नेस्टो कोर्तेस या कार्यकर्त्याने पश्चिम व दक्षिण भागातील कॅथलिक चर्चच्या धर्मग्रामांना एकत्र आणून ती उभी केली. गृहिणी, कारखान्यातील कामगार, लष्करी तळावरचे नागरी कर्मचारी हे तिचे सदस्य. घरोघरी छोट्या बैठका घेऊन त्यांनी लोकांना एकच विचारले : तुमच्या गल्लीत सर्वात मोठी अडचण कोणती? उत्तर बहुतेक ठिकाणी एकच आले. पाणी तुंबते.

मग रहिवाशांनी शहर प्रशासनाचे जुने कागद चाळले. निचऱ्याच्या एका कामाला १९४५ मध्येच मंजुरी मिळाली होती, पण ते कधी सुरूच झाले नव्हते, असे त्यांना आढळले. ऑगस्टच्या पुरानंतर शेकडो लोकांनी प्रशासन प्रमुखांना आणि नंतर सिटी कौन्सिलला याचा जाब विचारला. त्याच वर्षाच्या अखेरीस पश्चिमेकडील निचऱ्याच्या पंधरा कामांसाठी साडेचार कोटी डॉलरहून अधिक रकमेचे रोखे मंजूर झाले.

नव्याने येऊ लागलेल्या संघीय अनुदानाकडेही संघटनेने याच पद्धतीने पाहिले. प्रत्येक धर्मग्राम आपल्या भागातील रस्ते, गटारे, उद्याने, घरे यांच्या कामांची यादी करी. नंतर शेजारच्या भागांचे प्रतिनिधी एकत्र बसून त्या यादीची काटछाट करत. या वर्षी तुमचा नाला, पुढच्या वर्षी आमचा रस्ता, अशी देवाणघेवाण आपसात होई. सुनावणीला जाताना त्यांच्या हाती तक्रार नसे. कामाचे नाव, ठिकाण आणि अंदाजित खर्च असलेली यादी असे. त्यामुळे पहिल्या दशकात शहराच्या सीडीबीजी निधीचा मोठा हिस्सा या भागांकडे वळला. शहरी लोकशाहीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधकांच्या लेखनात हे उदाहरण वारंवार येते.

या काळात शहराचे राजकारणही बदलले. तोवर कौन्सिलचे सदस्य संपूर्ण शहरातून निवडले जात आणि बहुतेक सदस्य सधन उत्तर भागातले असत. संघीय न्याय विभागाने मतदान हक्क कायद्याखाली आक्षेप घेतल्यावर जानेवारी १९७७ मध्ये शहराने मतदानाने दहा स्वतंत्र प्रभागांची पद्धत स्वीकारली. त्यानंतरच्या निवडणुकीत अकरा जणांच्या कौन्सिलमध्ये मेक्सिकन वंशाचे आणि कृष्णवर्णीय सदस्य मिळून बहुमतात आले. १९८१ मध्ये सिस्नेरोस महापौर झाले. १८४० च्या दशकानंतर या पदावर आलेले ते पहिलेच मेक्सिकन वंशाचे नागरिक.

या यशाची दुसरी बाजूही आहे. संघटित वस्तीचे म्हणणे ऐकले जाते, तेव्हा असंघटित वस्ती मागे राहण्याचा धोका असतो. प्रभाग पद्धतीतही प्रत्येक सदस्य आपल्या भागासाठी थोडाथोडा वाटा मागू लागला, की रक्कम विखुरते आणि एकही काम नीट पूर्ण होत नाही. सुनावणीची अट सर्वांना बोलण्याची संधी देते. बोलण्याची ताकद मात्र तिच्यातून येत नाही.

गटारांनंतर घरे

१९७० च्या दशकात मुख्य मागणी निचऱ्याची होती. आज ती घरांची आहे. पश्चिमेकडील अनेक लाकडी घरे सत्तर-ऐंशी वर्षांची झाली आहेत. छप्पर गळते, वायरिंग जुने, पाया खचलेला. मालकांपैकी बरेच जण वृद्ध आणि मर्यादित निवृत्तिवेतनावर जगणारे आहेत. दुरुस्ती परवडत नाही, आणि शहर वाढत असल्याने जमिनीची किंमत व मालमत्ता कर मात्र चढत राहतो. अशा वेळी घर विकणे किंवा ते पडू देणे, हेच पर्याय उरतात.

यासाठी शहर सीडीबीजी आणि ‘होम’चा पैसा मालकाच्या राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी वापरते. बोलायला हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात एका घरासाठी कागदांची मोठी साखळी पूर्ण करावी लागते. कुटुंबाचे उत्पन्न तपासले जाते. पर्यावरणीय छाननी होते. घर १९७८ पूर्वीचे असेल, तर रंगातील शिशाची तपासणी करून ते सुरक्षितपणे हटवावे लागते, कारण त्या वर्षी अमेरिकेत घरांसाठी शिसेयुक्त रंगांवर बंदी आली. छप्पर बदलायला गेलेले पथक शिसे, वायरिंग आणि पाया यांच्या खर्चात अडकते. त्यामुळे एका घरावरचा खर्च वाढतो आणि त्याच रकमेत दुरुस्त होणाऱ्या घरांची संख्या घटते.

त्याहून अवघड अडसर मालकीचा आहे. आजी-आजोबांचे घर तोंडी समजुतीने मुलांकडे आणि नातवंडांकडे आले; मृत्युपत्र नाही, वारसाची न्यायालयीन नोंद नाही. घरात राहणारी, कर भरणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने एकमेव मालक ठरत नाही. संघीय पैसा वापरताना मालकीचा पुरावा लागतो, आणि गरज सर्वात मोठी असूनही अर्ज तेथेच थांबतो. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आजोबांचेच नाव राहिलेल्या भारतीय कुटुंबांना ही अडचण नवी वाटणार नाही. म्हणूनच अमेरिकेतील काही शहरे दुरुस्तीच्या आधी वारसनोंदीसाठी विनामूल्य कायदेशीर साह्य देऊ लागली आहेत.

सामाजिक सेवांवरील मर्यादेचा ताण तर कायमचाच आहे. वृद्धांच्या भोजन केंद्रापासून मुलांच्या उन्हाळी शिबिरापर्यंत अनेक संस्था त्याच मर्यादित हिश्शासाठी अर्ज करतात. मार्च २०२० मध्ये करोना साथीच्या काळात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सीडीबीजीसाठी ५०० कोटी डॉलरची अतिरिक्त तरतूद केली आणि साथीशी संबंधित सेवांपुरती ही १५ टक्क्यांची मर्यादा उठवली. सॅन अँटोनियोने तेव्हा घरभाडे थकलेल्या कुटुंबांसाठी आपत्कालीन साह्य योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. चौकट सैल होताच शहराने पैसा कोठे वळवला, यातून त्या घडीची सर्वात निकडीची गरज उघड झाली.

घटते मोल

सीडीबीजीची आजची तरतूद डॉलरच्या आकड्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस होती, जवळपास तेवढीच आहे. दरम्यान अमेरिकेतील किमती चौपटीहून अधिक वाढल्या आणि अनुदानास पात्र शहरांची संख्याही वाढत गेली. म्हणजे कागदावर रक्कम कायम असली, तरी तिच्यातून होणाऱ्या कामांचा आकार खूप आक्रसला आहे. पूर्वी या पैशातून संपूर्ण नाल्याचे काम होई. आज अनेक शहरे तो इतर निधीला जोड म्हणूनच वापरतात. सॅन अँटोनियोच्या मतदारांनी मे २०२२ मध्ये प्रथमच परवडणाऱ्या घरांसाठी १५ कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. हा एकच निर्णय शहराला वर्षभरात मिळणाऱ्या संघीय अनुदानाच्या कितीतरी पट मोठा होता.

अनुदानाच्या विरोधकांचा युक्तिवाद येथूनच सुरू होतो. शहरे स्वतः पैसा उभारू शकत असतील, तर स्थानिक रस्ते आणि उद्याने यांचा भार देशाच्या तिजोरीवर कशासाठी? सूत्र जुने आहे, सधन शहरांनाही वाटा मिळतो आणि परिणाम मोजणे कठीण आहे, असेही ते म्हणतात. ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळातील चारही अर्थसंकल्पांत हे अनुदान बंद करण्याचा प्रस्ताव होता. काँग्रेसने दर वेळी तरतूद कायम ठेवली. मे २०२५ च्या प्रस्तावात सीडीबीजीसोबत ‘होम’ही रद्द करण्याची शिफारस होती.

समर्थकांचे उत्तर असे, की रोखे काढण्याची कुवत प्रत्येक शहराकडे नसते आणि रोख्यांचा पैसा गरीब वस्तीकडेच जाईल याची कायदेशीर हमीही नसते. सॅन अँटोनियोचा इतिहास या उत्तराला बळ देतो. १९२१ नंतर शहराकडे धरण बांधण्याइतका पैसा होता. पश्चिमेकडील ओढ्यांसाठी नव्हता. सूत्रातील दोष मात्र समर्थकही सहसा नाकारत नाहीत. १९४० पूर्वीचे घर ही गरजेची खूण मानली, तर जुने पण उत्तम राखलेले, महागडे मोहल्ले असलेल्या शहरालाही त्याचा लाभ होतोच.

भारतीय वाचकासाठी

भारतातील शहरांनाही केंद्राचा पैसा मिळतो, पण वाट निराळी आहे. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागात लाभार्थ्याने स्वतः बांधायच्या घरासाठी केंद्राचे साह्य प्रतिघर दीड लाख रुपये ठरले. प्रयोजन आणि रक्कम केंद्राने निश्चित केलेली असते आणि निधी राज्यामार्फत येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या शहरी अनुदानांतही मोठा हिस्सा पाणीपुरवठा, स्वच्छता यांसारख्या ठरावीक कामांशी बांधलेला होता. घरबांधणीचा पैसा यंदा नाल्यासाठी किंवा पाळणाघरासाठी वळवावा, असे ठरवण्याची मुभा भारतीय महापालिकेला त्यात नाही.

या पद्धतीलाही तिचे बळ आहे. उद्दिष्ट एकच असल्याने किती घरे मंजूर झाली, किती पूर्ण झाली हे थेट मोजता येते. सीडीबीजीत असे मोजमाप अवघड जाते. पण वस्तीची गरज योजनेच्या नावाशी जुळली नाही, तर तिला वाट पाहावी लागते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली, ती हे अंतर कमी करण्यासाठीच. त्या समित्यांपुढे खर्चाचा खरा निर्णय किती येतो, यावर त्यांचा उपयोग अवलंबून राहतो.

सॅन अँटोनियोत कायदा होता, सूत्र होते, सुनावणीची अटही होती; या तिन्ही गोष्टी अमेरिकेतील शेकडो शहरांत होत्या. फरक पडला तो १९४५ चा धूळ खात पडलेला कागद शोधून काढणाऱ्या आणि कामांची यादी घेऊन सभागृहात येणाऱ्या रहिवाशांमुळे. सॅन अँटोनियोचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि त्याआधी दरवर्षी नव्या कृती आराखड्याचा मसुदा हरकती व सूचनांसाठी खुला होतो. तीस दिवसांच्या त्या मुदतीत कोण बोलते आणि काय मागते, यावर पुढच्या वर्षी कोणत्या गल्लीतले छप्पर बदलले जाईल, हे बऱ्याच अंशी ठरते.